हीट जिंकली, फायनल टांगणीला: एका जलतरण स्पर्धेतल्या पात्रता फेरीचा प्रकरण अभ्यास

ही घटना महाराष्ट्रातल्या एका राज्यस्तरीय ज्युनियर स्पर्धेतली आहे. मुलीचं, प्रशिक्षकांचं, जिल्ह्याचं आणि तलावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी त्या स्पर्धेत निकालाच्या टेबलावर होते. पुढे सरांशी आणि मुलीच्या आईशी निवांत बोलणं झालं. त्या दोघांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. पात्रता फेरी नेमकी कशी चालते हे नीट माहीत नसल्यामुळे चांगली पोहणारी मुलं फायनलबाहेर राहतात. हे टाळता येण्यासारखं असूनही पुन्हा पुन्हा घडतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मुलगी चौदा वर्षांची. जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेचा २५ मीटरचा टँक आहे, तिथे पहाटे साडेपाचला सराव. सर एकटेच, तेच प्रशिक्षक, तेच जिल्हा संघाचे व्यवस्थापक आणि प्रवेशअर्ज भरणारेही तेच. तिचा मुख्य प्रकार २०० मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं. दुसरा प्रकार १०० मीटर फ्रीस्टाइल. त्यात तिची प्रगती त्या वर्षी झपाट्याने झाली होती, पण ती प्रगती घरच्या टँकबाहेर कुणी पाहिली नव्हती.

स्पर्धा ५० मीटरच्या, आठ लेनच्या तलावात होती. सकाळी हीट्स, म्हणजे पात्रता फेरीतल्या गटवार शर्यती, संध्याकाळी पाचला फायनल. तिचे दोन्ही प्रकार एकाच दिवशी आले होते. संध्याकाळच्या सत्रात आधी १०० फ्रीस्टाइलची फायनल आणि त्यानंतर साधारण वीस-बावीस मिनिटांनी २०० बॅकस्ट्रोकची.

अर्जात प्रत्येक प्रकारासाठी ‘एन्ट्री टाइम’ भरायचा असतो, म्हणजे मुलाची आतापर्यंतची चांगली, अधिकृत वेळ. परिपत्रकात ५० मीटर तलावातली वेळ मागितली होती. बॅकस्ट्रोकची अशी वेळ सरांकडे होती: महिन्याभरापूर्वी एका विभागीय स्पर्धेत ती २:४२ मध्ये पोहली होती. फ्रीस्टाइलला मात्र तिची लांब तलावातली शेवटची नोंद आदल्या वर्षीची होती, १:१२.४०. घरच्या टँकमध्ये ती आता १:०४ च्या आसपास येत होती. पण २५ मीटरच्या टँकमध्ये १०० मीटरला तीन टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात एकच. भिंतीला पाय मारून मिळणारा वेग वजा केला की तीच मुलगी लांब तलावात सेकंदभर, कधी दोन सेकंद मागे येते. घरच्या टँकमधली वेळ लिहिणं सरांना अप्रामाणिक वाटलं. त्यांनी १:१२.४० लिहिलं आणि अर्ज पाठवला.

हीट आणि लेन कशी मिळते

पुढचं सगळं समजायला एवढं कळणं गरजेचं आहे. पालकांना हे सहसा कुणी सांगत नाही.

एन्ट्री टाइमनुसार सगळ्यांची क्रमवारी लागते. ज्यांनी वेळच दिलेली नाही ते सर्वांत शेवटी. या प्रकारात २७ मुली होत्या. आठ लेन, म्हणजे चार हीट्स. जागतिक नियमांत २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींसाठी शेवटच्या तीन हीट्स एकमेकींत विणलेल्या असतात: सर्वांत वेगवान मुलगी शेवटच्या हीटमध्ये, दुसरी तिच्या आधीच्या हीटमध्ये, तिसरी त्याच्या आधीच्या, चौथी पुन्हा शेवटच्या हीटमध्ये, असं करत करत २४ मुली तीन हीट्समध्ये वाटल्या जातात. त्यामुळे या तिन्ही हीट्स साधारण सारख्या ताकदीच्या होतात. उरलेल्या, म्हणजे यादीतल्या तळाच्या मुली पहिल्या हीटमध्ये जातात.

हीटमध्ये लेन ठरतात त्या मधून बाहेर. सर्वांत वेगवान चौथ्या लेनमध्ये, मग पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि शेवटी आठवी. टीव्हीवर ऑलिंपिक पाहताना मधल्या लेन पुढे आणि कडेच्या मागे असा बाणासारखा आकार दिसतो, तो याच मांडणीमुळे.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: हीटमध्ये कितवा नंबर आला याला फायनलसाठी काही किंमत नाही. चारही हीट्सच्या सगळ्या वेळा एकत्र करून एकच यादी लागते आणि तिच्यातल्या पहिल्या आठ जणी संध्याकाळी पोहतात. ऑलिंपिकमध्ये सन २००० च्या सिडनीपासून २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना मधे उपांत्य फेरीही असते. तिथे आधी १६ आणि मग ८ निवडले जातात. राज्य स्पर्धेत काय, आशियाई स्पर्धेत काय, हीटमधून थेट फायनल.

तिची एन्ट्री १:१२.४० म्हणजे २७ पैकी २६ वी. पहिली हीट, पाचवी लेन. त्या हीटमध्ये मुली तीनच. यादीत आठव्या क्रमांकाची एन्ट्री १:०५.९० होती. तिचा खरा दर्जा याच्याच आसपासचा होता. तो कागदावर असता तर तिला तिसरी हीट आणि तिसरी लेन मिळाली असती, शेजारी यादीतली दुसऱ्या क्रमांकाची मुलगी.

सकाळ

नऊ-दहाला पहिली हीट सुटली. पन्नास मीटरचा टर्न तिने ३०.९० ला घेतला. त्या वेळी बाकी दोघी चार-पाच मीटर मागे होत्या. परतीच्या लांबीत ती एकटीच पोहत होती. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये तिने दोनदा मान वळवून चौथ्या लेनकडे पाहिलं, कुणी दिसलं नाही, हात सैल पडले आणि भिंतीच्या आधीचा शेवटचा स्ट्रोक न मारता ती नुसती सरकत येऊन टेकली. फलकावर आलं १:०५.६२. आदल्या वर्षीच्या वेळेपेक्षा जवळपास सात सेकंद कमी. जिल्ह्याच्या मुलांनी गॅलरीतून आरडाओरडा केला, आई रडायला लागली. हीटमध्ये पहिली!

मग दुसरी हीट झाली. तिच्या पुढे दोन जणी गेल्या. तिसऱ्या हीटमध्ये आणखी दोन. आता ती पाचवी. चौथी हीट सुटली तेव्हा सर माझ्या टेबलाच्या मागेच उभे होते. चौथ्या हीटमध्ये तिघी तिच्यापेक्षा वेगात आल्या, आणि चौथीची वेळ पडली १:०५.६२.

सात जणी आत, आठव्या जागेवर दोघी.

आमच्याकडे टचपॅड होते, म्हणजे हात टेकताच वेळ नोंदवणारे भिंतीवरचे पट्टे. अशी यंत्रणा सेकंदाचा हजारावा भागही मोजू शकते, पण तो वापरायचा नाही असा नियम आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेचं (एकाच शर्यतीत पोहण्याचे चारही प्रकार) सुवर्णपदक स्वीडनच्या गुन्नार लार्सनला ४:३१.९८१ वर मिळालं आणि अमेरिकेचा टिम मॅकी ४:३१.९८३ वर रौप्यावर थांबला. दोन हजारांश सेकंद! त्यानंतर नियम बदलला आणि शंभराव्या भागापर्यंतच वेळ धरायची असं ठरलं. त्यामागचं कारण अगदी बांधकामाचं आहे. या मुलींच्या वेगाने हजारांश सेकंदात अंतर कापलं जातं दीड मिलिमीटर. दोन लेनच्या भिंतींत तेवढा फरक फरशी बसवतानाच राहू शकतो आणि नियम त्याहून जास्त फरक चालवून घेतात. मग दीड मिलिमीटरवर कुणाला हरवायचं कसं?

म्हणून पदकासाठी बरोबरी झाली तर दोघांना पदक मिळतं. पण फायनलच्या आठव्या जागेसाठी बरोबरी झाली तर लेन एकच असते. तिथे त्या दोघींनी पुन्हा पोहायचं. याला म्हणतात स्विम-ऑफ.

पेच

स्विम-ऑफ लगेच होत नाही. वेळ आयोजक आणि दोन्ही संघ मिळून ठरवतात. दरम्यान साडेअकराच्या सुमारास तिची २०० बॅकस्ट्रोकची हीट झाली. तिथे एन्ट्री टाइम बरोबर होता, शेजारी तोलामोलाच्या मुली होत्या, आणि ती २:४१.३० मध्ये पोहून तिसरी आली. ही तिची लांब तलावातली सर्वोत्तम वेळ. म्हणजे मुख्य प्रकारात पदक दिसायला लागलं होतं.

आता दिवसाचा हिशोब मांडा. सकाळी १०० आणि २०० झाले. दुपारी स्विम-ऑफचे १०० पोहायचे. तो जिंकला तर संध्याकाळी पुन्हा १००, आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत पदकाचे २००. घरच्या टँकमध्ये ती सकाळीच याच्या कितीतरी पट पोहते, मग यात काय एवढं, असं आईला वाटलं. पण सरावातले मीटर आणि पूर्ण ताकदीची शर्यत यांची तुलना होत नाही. शंभर मीटर जीव तोडून पोहल्यावर पाय आणि दंड भरून येतात ते उतरायला अर्धा तास हळू पोहावं लागतं, काही खावं लागतं, आडवं व्हावं लागतं.

प्रतिस्पर्धी मुलीला मधे दुसरी कुठली शर्यत नव्हती. तिच्या प्रशिक्षकांना स्विम-ऑफ जितक्या लवकर होईल तितका हवा होता. सरांना उशिरा हवा होता. रेफरींनी दोघांशी बोलून सव्वाबाराची वेळ दिली. बॅकस्ट्रोकच्या हीटनंतर पाऊण तास मिळाला. सरांनी आणखी अर्धा तास मागायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं. मागितला असता तर बहुधा मिळालाही असता, कारण तलाव दीडपर्यंत आमच्याच ताब्यात होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: स्विम-ऑफ सोडून देणं. मग दुसरी मुलगी आपोआप आठवी झाली असती आणि ही पहिली राखीव. फायनलमधून कुणी माघार घेतली तर राखीव खेळाडूला बोलावतात आणि लेन नव्याने लावतात. हा मार्ग घेतला असता तर बॅकस्ट्रोकसाठी अंगात ताकद राहिली असती. पण राखीव म्हणजे कपडे बदलून घरी जायची मोकळीक नाही. कॉल रूमपर्यंत, म्हणजे शर्यतीआधी पोहणाऱ्यांना जिथे एकत्र बोलावतात तिथपर्यंत, तयार राहावं लागतं.

दुसरा: स्विम-ऑफ पोहायचा, पण निम्म्या ताकदीने. हा पर्याय सरांच्या मनात थोडा वेळ होता. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो. दोघींच्या शर्यतीत निम्म्या ताकदीने पोहलं तर थकवा पुरेपूर येतो आणि जागा मात्र मिळत नाही.

तिसरा: पूर्ण ताकदीने पोहायचं, जिंकलं तर संध्याकाळी दोन्ही फायनल.

चौथा पर्याय त्या क्षणी कुणाच्याच बोलण्यात आला नाही: पूर्ण ताकदीने पोहायचं, चांगली अधिकृत वेळ नोंदवायची, आणि जिंकल्यावर नियमात दिलेल्या मुदतीत १०० च्या फायनलमधून माघार घ्यायची. परिपत्रकात ती मुदत निकालानंतर ३० मिनिटांची होती. जागतिक नियमांतही तेवढीच असते. तसं केलं असतं तर आठवी लेन हरलेल्या मुलीला मिळाली असती आणि हिच्या नावावर लांब तलावातली ताजी वेळ लागली असती. पुढच्या स्पर्धेची हीट आणि लेन त्यावरूनच ठरते.

निर्णय घेताना सरांवर एक दडपण होतं, ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. फायनलमधल्या आठही जणींना सांघिक गुण असतात. जिल्हा संघाचा व्यवस्थापक म्हणून त्यांना आठव्या क्रमांकाचा एक गुणही हवा होता. शिवाय आई खाली येऊन म्हणाली, “सर, इतक्या जवळ येऊन सोडायचं का?” मुलीला कुणी विचारलं नाही असं मात्र झालं नाही. सरांनी विचारलं आणि ती लगेच म्हणाली, “पोहते ना सर.” चौदा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार? तिला विचारणं योग्यच होतं. पण त्या उत्तरावर सगळा भार टाकणं योग्य नव्हतं.

काय केलं

तिसरा पर्याय ठरला. मधल्या पाऊण तासात सरांनी जे केलं ते उत्तम केलं, हे आवर्जून लिहिते. बॅकस्ट्रोक संपताच तिला बाजूच्या छोट्या टँकमध्ये पंधरा मिनिटं सावकाश पोहायला लावलं. आईच्या डब्यातली पोळी-भाजी थांबवून एक केळं आणि मीठ-साखरेचं पाणी दिलं. टॉवेल गुंडाळून सावलीत पाठीवर झोपवलं. आणि एकच सूचना दिली: “बाजूला बघायचं नाही. भिंत लागेपर्यंत हात.”

सव्वाबाराला अख्ख्या तलावात दोघीच, चौथ्या आणि पाचव्या लेनमध्ये. दुपारी जेवायला निघालेले लोक जिन्यात थांबून पाहत होते. पन्नासला दुसरी मुलगी किंचित पुढे होती. शेवटच्या वीस मीटरमध्ये हिने तिला गाठलं आणि या वेळी भिंतीवर हात आपटला. १:०४.८८ विरुद्ध १:०५.०३.

हा आकडा नीट पाहा. सकाळच्या ताज्या अंगाने १:०५.६२ आणि दोन शर्यती पोहून झाल्यावर १:०४.८८. सकाळी तिच्यात आणखी पाऊण सेकंद तरी शिल्लक होता. तो तिथेच खर्च झाला असता तर बरोबरीच झाली नसती, आणि दुपारचे १०० मीटर वाचले असते.

नंतर संघाबरोबर जेवण, लॉजवर दीड तास झोप, चारला पुन्हा तलाव. माघारीची मुदत केव्हाच टळून गेली होती, आणि ती टळते आहे हे कुणी घड्याळात पाहिलंही नव्हतं.

परिणाम

फायनलमध्ये आठव्या क्रमांकाने आलेल्याला आठवी लेन मिळते, अगदी कडेची. कडेच्या लेनमधून जिंकता येत नाही असं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ट्युनिशियाचा अहमद हफनावी हीट्समधून शेवटच्या, आठव्या जागेवर फायनलला आला आणि आठव्या लेनमधूनच ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन गेला, ३:४३.३६ मध्ये. सरांनी तिला हे सांगितलं होतं. ती १:०५.४१ मध्ये पोहली आणि सातवी आली. संघाला दोन गुण मिळाले.

बावीस मिनिटांनी २०० बॅकस्ट्रोकची फायनल. पहिले शंभर मीटर ती तिसऱ्या जागेवर होती. दीडशेनंतर पायाचा मार बंद पडल्यासारखा झाला, कंबर खाली गेली. २:४३.०५, पाचवी. कांस्यपदक गेलं २:४१.७६ ला. सकाळी ती २:४१.३० मध्ये पोहली होती.

हे वाचून महाराष्ट्रातल्या जलतरणप्रेमींना २०१८ चं जकार्ता आठवेल. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलमध्ये २२.४७ मध्ये तो चौथा आला. कांस्यपदक जपानच्या पोहणाऱ्याला २२.४६ वर मिळालं. शंभरांश सेकंदाचा फरक, आणि सकाळचीच वेळ पुन्हा आली असती तर पदक गळ्यात होतं. खाडेच्या बाबतीत हीटमध्ये राखून ठेवणं परवडणारं नव्हतं. आशियातले सगळे वेगवान पोहणारे तिथे होते आणि एका लांबीच्या शर्यतीत राखायला जागाही नसते. आमच्या मुलीची अडचण उलटी होती. जिथे शेवटपर्यंत पोहायचं तिथे तिने हात सोडला, आणि जिथे राखायला हवं तिथे राखायला काही उरलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

बहुतेक जण या गोष्टीतला निर्णायक क्षण स्विम-ऑफचा मानतात. आई अजूनही म्हणते की स्विम-ऑफ सोडला असता तर पदक आलं असतं. मला तसं खात्रीने म्हणता येत नाही. दुसऱ्या मुलीही सकाळपेक्षा संध्याकाळी सुधारतात, दडपण असतं, आणि फायनलमध्ये तिसरं येणं हे हीटमध्ये तिसरं येण्याएवढं सोपं नसतं. पण समजा आईचा अंदाज खरा धरला, तरी त्या पेचात मुलगी सापडली त्याचं मूळ आधीच्या दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे प्रवेशअर्ज. जुनी वेळ लिहिणं सरांना प्रामाणिकपणाचं वाटलं आणि त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण एन्ट्री टाइम ही नम्रता दाखवायची जागा नाही. त्यावरून मुलाला शेजार मिळतो. वेळ फुगवून लिहिणं जितकं चुकीचं, तितकंच आजच्या दर्जाशी संबंध नसलेली वेळ लिहिणंही मुलाच्या नुकसानीचं. यावर उपाय होता: अर्जाच्या मुदतीआधी एखाद्या रविवारी शेजारच्या शहरातल्या ५० मीटर तलावावर नेऊन, मान्यताप्राप्त स्पर्धेत किंवा चाचणीत एक १०० मीटर पोहवून घेणं. प्रवासाचा खर्च आणि सरांचा एक दिवस गेला असता. एकटा माणूस पंचवीस मुलं सांभाळतो तेव्हा हे बोलणं सोपं आणि करणं अवघड, हे मला मान्य आहे. अशा वेळी परिपत्रकात ‘२५ मीटर तलावातली वेळ, तशी नोंद करून, चालेल का’ हे आयोजकांना फोन करून विचारायला हवं होतं. काही ठिकाणी चालते.

दुसरं ठिकाण म्हणजे शेवटचे पंधरा मीटर. इथे दोष मुलीला देऊ नये. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तुझी शर्यत या दोघींशी नाही, तुझ्यानंतर पोहणाऱ्या चोवीस जणींशी आहे आणि त्या अजून पाण्यातही उतरलेल्या नाहीत. आदल्या रात्री हीट शीट, म्हणजे कोण कोणत्या हीटमध्ये, कोणत्या लेनमध्ये आणि कोणत्या एन्ट्री टाइमवर आहे याची यादी, हातात होती. यादीतली आठवी वेळ १:०५.९० आहे हे स्पष्ट दिसत होतं. स्पर्धेत मुलं एन्ट्रीपेक्षा थोडी सुधारतात हे गृहीत धरून सरांना सांगता आलं असतं: “उद्या तुला १:०५ च्या आत यायचंय. पहिली आलीस की शेवटची, मला फरक पडत नाही.” आकडा डोक्यात असलेलं मूल बाजूला कमी बघतं. पात्रतेची गंमत हीच आहे की प्रतिस्पर्धी बऱ्याचदा दिसत नाही. २०२१ च्या जूनमध्ये रोमला सजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली, अशी पात्रता मिळवणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. पात्रतेची वेळ होती १:५६.४८. त्या दिवशी त्याच्या शेजारच्या लेनमध्ये कोण होतं याने त्या तिकिटात काही फरक पडणार नव्हता.

एकट्याने पोहण्याचा सरावही करून घेता येतो. रिकाम्या टँकमध्ये, बाजूला कुणी नसताना, ठरलेल्या आकड्यावर पूर्ण १०० मीटर. स्वतःच्या गटात नेहमी पुढे असणाऱ्या मुलांना याची सगळ्यांत जास्त गरज असते, कारण छोट्या गावात त्यांना ओढणारं शेजारी कुणी नसतं आणि तरी ती जिंकत असतात.

तिसरी गोष्ट, ज्यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही: ती ३० मिनिटं. माझं मत असं की स्विम-ऑफ पोहणं योग्य होतं आणि त्यानंतर १०० च्या फायनलमधून नाव काढणं त्याहून योग्य ठरलं असतं. तिची १:०४.८८ ही वेळ अधिकृत निकालात नोंदली गेली होती. फायनलमध्ये त्यात भर पडण्याची शक्यता कमी होती. मुख्य प्रकार कोणता हे महिनाभर आधीपासून ठरलेलं होतं. सरांचं म्हणणं वेगळं. राज्याच्या फायनलमध्ये, गॅलरी भरलेली असताना, नाव पुकारलं जाऊन आठव्या लेनमागे उभं राहण्याचा अनुभव त्या मुलीला कधी ना कधी पहिल्यांदा घ्यायचाच होता, आणि तो दुय्यम प्रकारात मिळाला हे बरंच झालं. शिवाय जीव लावून मिळवलेली जागा लगेच सोडून देणं चौदा वर्षांच्या मुलीला कसं समजावायचं, हा त्यांचा प्रश्न मला खोडता आलेला नाही. मी एवढंच म्हणते की समजावायचं की नाही हे ठरवायला तरी हवं होतं. इथे ते ठरलं नाही, मुदत संपून गेली.

आणि सांघिक गुणांचं काय? दोन गुण मिळाले, पण कांस्यपदकाचे गुण पाचव्या क्रमांकापेक्षा जास्त असतात. संघाच्या बाजूने विचार केला तरी हिशोब मांडून पाहायला हवा होता. एकाच माणसाकडे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशी दोन्ही कामं असली की तो हिशोब घाईत होतो. ज्या जिल्ह्यांना परवडतं त्यांनी ही कामं वेगळी ठेवावीत. जिथे परवडत नाही तिथे एखाद्या जाणत्या पालकाकडे निदान घड्याळ, परिपत्रक आणि हीट शीट एवढं सोपवावं. निकाल लागला की तो पालक येऊन सांगेल: माघारीची मुदत अमुक वाजेपर्यंत आहे, काय करायचं?

त्यानंतर

सरांनी आता एक साधी वही ठेवली आहे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे लांब तलावातली वेळ, लहान तलावातली वेळ आणि ती कोणत्या तारखेची आहे हे लिहिलेलं असतं. सहा महिन्यांपेक्षा जुनी वेळ दिसली की त्या मुलाला अर्जापूर्वी कुठेतरी पोहवून आणायचं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लॉजवर प्रत्येकाला त्याच्या हीटबरोबर एक आकडा सांगितला जातो, आणि एकाच दिवशी दोन प्रकार असलेल्या मुलांना ‘दोन्ही फायनल मिळाल्या तर काय’ हेही तेव्हाच विचारलं जातं, पालकांसमोर.

पुढच्या राज्य स्पर्धेत तिची १०० फ्रीस्टाइलची एन्ट्री १:०४.८८ होती. तिला शेवटच्या तीनपैकी एका हीटमध्ये मधली लेन मिळाली, शेजारी तिच्यापेक्षा वेगवान मुलगी होती, आणि ती सहाव्या वेळेने सरळ फायनलमध्ये गेली. २०० बॅकस्ट्रोक त्या वेळी दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे माघारीबद्दलचा आमचा वाद पुढे सरकायची वेळच आली नाही.